लाइन चालू आहे, पण पलीकडे कोण?

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. तक्रार सुटली की माणूस घरी जातो, किस्सा मात्र आमच्याकडेच बसून राहतो. अकराच्या चहाला एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा थंड होतो!

मी संध्या. वाशिममध्ये एका लहानशा इंटरनेट कंपनीत तक्रारींचे फोन घेते. आत, थंडगार खोलीत, मशीनांसमोर खंडारे सर बसतात. बाहेर उन्हातान्हात तारा जोडत फिरतात ते रफीकभाई. आधी टेलिफोनच्या तारा जोडायचे, आता काचेच्या जोडतात.

कामाला लागले तेव्हा नेट म्हणजे काय, हे मलाही धड माहीत नव्हतं. खंडारे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "संध्या, एका मशीननं दुसऱ्या मशीनला मारलेली हाक म्हणजे नेट. बाकी सगळी त्या हाकेच्या जाण्या-येण्याची सोय."

मी विचारलं, "आणि हाक मारणारा कोण आहे ते कसं कळतं?"

सर हसले. म्हणाले, "ते नाही कळत."

* * *

एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर लोखंडे आजोबा. त्यांच्याकडे नवीन कनेक्शन होतं. रफीकभाईंनी तार सोलली, आतून केसासारखा बारीक धागा निघाला.

"हे काय बापा? घोड्याचा केस हाय काय?"

"काच हाय, काका. याच्यातून उजेड जाते. तुमचे फोटो, पिक्चर, बोलनं, समदं उजेडाच्या उघडझापीत बदलून जाते. तिकडच्या डब्ब्यात परत जसंच्या तसं होते."

आजोबांनी धागा चिमटीत धरून डोळ्याजवळ नेला. रफीकभाईंनी त्यांचं मनगटच पकडलं!

"डोयाजवळ नका नेऊ!"

"काहून? काहीच तं दिसून नाही राह्यलं."

"तेच तं! हा उजेड दिसत नाही. डोया खराब झाला तरी समजत नाही कायनं झाला."

आजोबांनी धागा हातभर लांब धरला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आता, या घडीले, याच्यातून चालू हाय तो?"

"चालू हाय."

"कोनाचा?"

"कोनाकोनाचा सांगू, काका? सगळ्या दुनियेचा."

महिनाभरानं रफीकभाई काही कामानं परत गेले, तर भिंतीवरच्या नेटच्या डब्ब्यावर लिंबू-मिरची टांगलेली. रफीकभाई हसले. "काका, नेटले नजर लागू नये म्हनून काय?"

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "ते बाहीर येऊ नये म्हनून."

* * *

जाधव काका आमचे ग्राहकसुद्धा नाहीत. एक दिवस सकाळी आले आणि मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, मेलेला मानूस मेसेज वाचते काय?"

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते बसायलाही तयार नव्हते. झालं होतं असं, की त्यांचे जिवलग मित्र गजाननराव वीसेक दिवसांपूर्वी वारले. काका त्यांना रोज सकाळी फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवायचे. माणूस गेला तरी सवय जाईना. रोज पाठवायचे, रोज एकच टिक यायची. सोमवारी एकदम सगळ्या टिका दोन-दोन झाल्या. आणि निळ्या!

मी कागदावर काढून समजावलं. "काका, तुमचा मेसेज सरळ त्यांच्या फोनात उडी मारत नाही. आधी तो लांबच्या एका मोठ्या कॉम्प्युटरकडे जातो. त्याला सर्व्हर म्हणायचं. तिथे पोचला की एक टिक. समोरचा फोन बंद असेल तर सर्व्हर तो मेसेज सांभाळून ठेवतो, पोस्टमन कसा दाराला कुलूप असलं की पत्र परत नेतो तसा. फोन नेटला लागला की देऊन टाकतो, मग दोन टिका. आणि उघडून पाहिला की निळ्या."

"म्हंजे त्याचा फोन नेटले लागला."

"हो."

"म्हंजे उघडला."

"हो."

"मंग कोनं?"

गजाननरावांच्या घरी आमचंच कनेक्शन. घरातला प्रत्येक फोन वायफायला लागताना आपलं नाव सांगतो, ते खंडारे सरांना दिसतं. सरांनी पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'गजानन मोबाईल. चालू.'

काका खुर्चीतच बसले. घर दोन गल्ल्या सोडून होतं. मी म्हटलं, चला.

दार उघडंच होतं. गजाननरावांच्या बायको, शांताकाकू, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेल्या. भिंतीतून चार्जरची वायर आलेली आणि मांडीवर तो फोन.

"मीच वाचतो," आम्ही काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "लोकं अजूनबी धाडतेत. ते असे कोनाले ताटकळत नव्हते ठेवत. मले लिहिता येत नाही, नुसती उघडतो अन् पाहतो."

काकांचे डोळे भरून आले. "वहिनी, मी बंद करू काय धाडनं?"

"नका करू. फुलं चांगली राहतेत तुमची."

आम्ही निघालो. फाटकापाशी पोचलो आणि काकांच्या खिशात फोन वाजला. गजाननरावांकडून मेसेज. नुसते जोडलेले दोन हात.

काका गर्रकन वळले. शांताकाकू दारात उभ्या होत्या, आम्हाला निरोप द्यायला. दोन्ही हात रिकामे. फोन आत उंबऱ्यावर चार्जिंगला.

नेट हळू असलं की मेसेज उशिरा पोचतो. काकूंचं बोट आधीच लागलं असेल. मी काकांना तसंच सांगितलं. ते "हो, हो," म्हणाले.

* * *

प्रत्येक मशीनला एक नंबर असतो. घर नंबर असतो ना, तसाच. हाक मारायची ती त्या नंबराला. खंडारे सर रोज सकाळी आमच्या सगळ्या नंबरांना एकेक हाक मारतात. कॉम्प्युटर नुसतं विचारतो, 'आहेस का?' पलीकडून मशीन सांगतं, 'आहे.' याला पिंग म्हणतात. सरांची ही सकाळची हजेरी.

एका गावात शाळा बंद झाली. पोरंच उरली नव्हती. रफीकभाई जाऊन शाळेतला डब्बा काढून घेऊन आले आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. सरांनी यादीतून त्या शाळेचं नाव मात्र काढलं नाही, राहून गेलं.

आठवड्यानं सरांनी मला आत बोलावलं. "संध्या, हे बघ."

शाळा. आहेस का? आहे. आहेस का? आहे. आहेस का? आहे.

"सर, तो डब्बा तर कपाटात आहे!"

"म्हणूनच बोलावलं."

कपाट उघडलं. डब्बा होता. वायर गुंडाळलेली, वर धूळ. मागे स्क्रीनवर शाळा हजेरी देतच होती, सेकंदा-सेकंदाला. कुलूप लागलेल्या वर्गात कोणी 'हजर' म्हणावं, तसं वाटत होतं.

शेवटी सरांनाच कळलं. डब्बा काढला म्हणजे नंबर रिकामा झाला. रिकामा नंबर कॉम्प्युटर आपल्या मनानं पुढच्याला देऊन टाकतो. घर तेच, भाडेकरू नवा. त्याच आठवड्यात त्याच गावात ग्रामपंचायतीनं एक कॅमेरा लावून घेतला होता, त्याला तो नंबर मिळाला.

मी हुश्श केलं. "मग तर काहीच नाही! कुठे लावलाय कॅमेरा?"

रफीकभाईंनीच लावला होता. चहाचा घोट घेत ते म्हणाले, "स्मशानाच्या गेटावर."

* * *

शेलूबाजारच्या सलमाआपा बांगड्या विकतात. त्यांच्या लेकीनं लग्नाआधी त्यांची वेबसाइट बनवून दिली होती. बांगड्यांचे फोटो, आपांचा हसरा फोटो, खाली मोबाईल नंबर. लेक सासरी गेली, वेबसाइट तशीच राहिली.

एक दिवस आपा जीपनं तडक वाशिमला आल्या. "संध्या, माह्या दुकानात दुसरीच कोनी बसली हाय!"

वेबसाइट उघडली. सगळं तेच होतं. त्याच बांगड्या, आपांचा तोच हसरा फोटो. फक्त खालचा नंबर निराळा.

खंडारे सरांनी सांगितलं, "आपा, वेबसाइटचे दोन भाग असतात. एक खोली, जिथे माल असतो. दुसरी पाटी, म्हणजे नाव. लोक नाव टाइप करतात, नेट त्या नावावरून खोलीचा नंबर शोधून काढतं. पाटी कायमची आपली नसते, मुदत संपली की पुन्हा नोंदवावी लागते. तुमची मुदत संपली. कोणीतरी पाटी उचलली आणि आपल्या खोलीवर लावली."

"अन् माहा फोटो?"

"तो तर कोणीही उतरवून घेऊ शकतं."

आपा हट्टालाच पेटल्या. "लाव त्या नंबरले फोन. स्पीकरवर."

लावला. एकाच रिंगमध्ये उचलला.

"नमस्कार, मी सलमा बोलतेय, शेलूबाजारहून. कोणत्या मापाच्या बांगड्या दाखवू?"

बाईचाच आवाज. गोड, स्वच्छ. आपांचा चेहराच उतरला.

"मी सलमा हाय," आपा म्हणाल्या.

"हो, मी सलमाच बोलतेय."

"अवं, मी! मी हाय सलमा!"

"अरे वा, सलमाताई! कोणत्या मापाच्या बांगड्या दाखवू?"

सरांनी लांबूनच हातानं खूण केली, मशीन आहे, माणूस नाही. पण आपा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. टेबलावर दोन्ही हात टेकून त्या फोनवर वाकल्या. "सलमा हायेस ना तू? मंग तुह्या अम्मीचं नाव सांग."

एक सेकंद. दोन. मग तोच गोड आवाज.

"माफ करा, तो माल सध्या संपला आहे."

आपांनी पोलिसांत तक्रार दिली, नवीन नावानं नवी वेबसाइट केली, गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून कळवलं. दुकान चांगलं चालू आहे. जुनी वेबसाइट अजून बंद झालेली नाही. आपा कधीकधी उघडून पाहतात म्हणे. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, "ते माह्याहून जास्त हासते."

* * *

रिसोडला राठीशेठचं सोयाबीनचं गोदाम आहे. भर दुपारी फोन आला. "मॅडम, माणूस पाठवा. कॅमेरा माह्या मागं लागला."

रफीकभाई गेले. हमाल सगळे बाहेर, कडूलिंबाखाली. आत जायला एकही तयार नाही. शेठ गोदामात डावीकडे गेले की कॅमेऱ्याची मान डावीकडे. उजवीकडे गेले की उजवीकडे. पोत्यांच्या थप्पीमागं लपले, तर कॅमेरा थप्पीकडे बघत थांबला. आदल्या दिवशी तर त्यातून कोणीतरी हसलं होतं!

"हसलं?"

"कोनत्या भाषेत हसलं तेबी समजलं नाही."

रफीकभाईंनी विचारलं, "पासवर्ड काय हाय?"

"कायचा पासवर्ड?"

मग सगळा उलगडा झाला. कॅमेरा नेटला जोडला म्हणजे जगाच्या रस्त्यावर त्याला एक दार आलं. कारखान्यातून येताना त्या दाराला एक-दोन-तीन-चार असलं काहीतरी कुलूप असतं, सगळ्या कॅमेऱ्यांना एकच. दिवसभर दारं हलवत फिरणारे लोक जगात पुष्कळ आहेत. उघडलं की आत.

रफीकभाई पासवर्ड बदलायला बसले. कॅमेऱ्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आणि हळूच मान वर-खाली केली. बरं, बरं, असं म्हटल्यासारखी.

पासवर्ड बदलला. मान तिथल्या तिथे थांबली.

"शेठ, भूतबित काही नाही. कोनीतरी मानूस व्हता. कुठंतरी लांब बसून तुमाले पाहून राह्यला व्हता."

राठीशेठ पोत्यावर बसले. घाम पुसला. "भूत राह्यलं असतं तं बरं व्हतं, रफीक. भूत इथलंच असतं, वळखीचं. हा कोन कुठचा पाहून राह्यला, तेबी मालूम नाही!"

* * *

आता हा शेवटचा. हा आम्ही चहाला सांगत नाही.

अनसिंगच्या वानखडे बाई. मला चौथीला होत्या. आता बहात्तरच्या आहेत, घरी एकट्याच राहतात. लेक प्रज्ञा पुण्याला नोकरीला. तिनं आईला एक टॅब घेऊन दिला, सिमकार्ड नसलेला, नुसता घरच्या वायफायवर चालणारा. व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते मीच बाईंना शिकवलं. मला पाढे शिकवणाऱ्या बाई हिरवं बटण दाबताना माझ्याकडे बघायच्या, बरोबर ना, म्हणून.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं आमची तार तोडली. मोठ्या गावांना नेटच्या दोन वाटा असतात. एक तुटली तर सगळं आपोआप दुसऱ्या वाटेनं जातं, लोकांना कळतसुद्धा नाही. पण बाईंच्या आळीला एकच तार. ती गेली म्हणजे सगळी आळी गेली. खंडारे सरांच्या स्क्रीनवर आळीतले सगळे डब्बे एका झटक्यात लाल झाले.

रफीकभाईंनी खड्ड्यातूनच फोन केला. "दोन तुकडे झाले. एक टोक या हातात हाय, एक त्या हातात."

तार जोडायला दोन वाजले. डब्बे परत हिरवे झाले. मी एकेका ग्राहकाला फोन लावून सांगत होते, तीन तास बंद होतं, आता सुरू झालंय, माफ करा. बाईंच्या साध्या फोनवर त्यांनाही लावला.

"जय भीम, बाई. तुमचं नेट सुरू झालं का?"

"जय भीम, संध्या. बंद कधी पडलं व्हतं?"

"अकरापासून बंद होतं ना."

"नाही वं! मी तं प्रज्ञासोबत बोलून राह्यली व्हती. आत्ता ठेवला."

मला वाटलं, बाईंचा वेळेचा गोंधळ झाला. वय आहे. मी विचारलं, "बरी आहे ना प्रज्ञा?"

"बरी हाय. थकल्यासारखी दिसली जराशी. अन् बोट भाजलं म्हने तिचं. पांढरी पट्टी व्हती, दाखवली मले. डाव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. बाकी लय बोलली आज. कधी बोलत नाही एवढी."

"काय म्हणाली?"

"ते आमचं मायलेकीचं हाय," बाई हसल्या.

फोन ठेवला आणि मी आत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी नोंद काढून पाहिली. बाईंचा डब्बा अकरा सात ते दोन दहा, पूर्ण मेलेला. एक अक्षर गेलं नाही, एक आलं नाही. सर म्हणाले, "शेजाऱ्याच्या वायफायला लागला असेल." पण शेजारीही त्याच तारेवर.

रफीकभाई अजून अनसिंगलाच होते. त्यांना म्हटलं, सहज जाऊन या. ते गेले. बाईंनी टॅब दिला आणि चहा टाकायला आत गेल्या. रफीकभाईंनी कॉलची यादी उघडली. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. आवाज बारीक होता.

"संध्या, यादीत हाय. प्रज्ञा. व्हिडिओ. अकरा बाराले लागला. दोन घंटे शेहेचाळीस मिनिट."

"असं कसं?"

"मले काय विचारून राह्यली? तवा तार माह्या हातात व्हती." रफीकभाईंना चहाला नाही म्हणताना मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशी ते चहा न घेताच निघाले.

प्रज्ञाचा नंबर आमच्याकडे होता, कनेक्शन तिनंच घेतलं होतं. मी फोन लावला. आई ठीक आहे, आधी हे सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मी साडेअकरापासून चारदा लावला, लागेचना. मग मीटिंगमध्ये गेले."

"म्हणजे आज बोलणं झालं नाही तुमचं?"

"नाही ना."

मी न राहवून विचारलं, "तुमचं बोट कसं आहे?"

"बोट?" ती हसली. "बोटाला काय झालंय?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आईंनी असं म्हटलं, त्यांचा घोळ झाला असेल. तीही म्हणाली, हो, हल्ली आई विसरते जरा. विषय संपला.

चौथ्या दिवशी, दुपारी. ऑफिसात मी, सर, रफीकभाई, तिघंही होतो. प्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही बोटाचं विचारलं होतं. आई कोणतं बोट म्हणाली होती?"

"डाव्या हाताचं. अंगठ्याजवळचं."

तिच्या मागून कोणीतरी पुढच्या पेशंटला हाक मारल्याचं ऐकू आलं.

"मॅडम, तेच बोट आज भाजलं, मी आत्ताच पट्टी बांधून घेतलीय. आईला सांगू नका." ती फार हळू आवाजात म्हणाली, "आणि एक काम कराल? त्या दिवशी मी आईला अजून काय काय सांगितलं, ते तेवढं विचाराल?"